तेहतीस अनारशांची जलयात्रा

बोटीवर चढण्याआधी सामान तपासायला जो माणूस उभा होता, त्याने माझ्या बायकोच्या, हेमलताच्या, पिशवीतून स्टीलचा डबा बाहेर काढला आणि कानाशी नेऊन हलवून पाहिला. रोमजवळच्या त्या बंदरात आमच्या मागे निम्मा युरोप चाकांच्या बॅगा घेऊन खोळंबला होता. डब्यावर आधी झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी आणि सुतळीवर चिकटपट्टी असा हेमलताचा बंदोबस्त होता. तो सोडवायला त्याने कात्री मागवली. आत कागदाच्या थरांमध्ये अनारसे निघाले, तेव्हा त्याने घरी केलेलं खाणं बोटीवर चालत नाही असं सभ्यपणे सांगितलं.

हेमलताने आपल्या सांगलीच्या इंग्रजीत त्याला समजावलं, की हे खाणं नाहीच, हे जावयाचं आहे. तेहतीस आहेत, आणि यातला एकही कमी झाला तर मला इथूनच परत जावं लागेल. तो माणूस तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. त्यालाही बहुधा सासू असावी, कारण त्याने डब्याला आपल्या हाताने फडकं गुंडाळून दिलं आणि आम्हाला आत सोडलं.

"मी तरी म्हणत होते, चांदीचं ताट पुरे झालं असतं," आमच्या पुढे उभ्या असलेल्या विहीणबाई म्हणाल्या. त्या पुढेच असत. मुलाची आई बोटीच्या शिडीवर मुलीच्या आईच्या मागे कशी चालेल?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो आणि सासुरवाडीला जावयाची आठवण करून देतो. जावई म्हणजे प्रत्यक्ष विष्णू. त्याला जाळीदार पदार्थांचं वाण द्यायचं, तेहतीस अनारसे ताटात रचायचे, वर निरांजन लावायचं. आमचा विष्णू निनाद फ्रँकफर्टला होता. मागच्या अधिकात नेमकं माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं आणि वाण राहून गेलं. विहीणबाईंच्या मते ते राहून गेलं नव्हतं, चुकलं होतं.

आणि मग सहलीच्या आदल्या दिवाळीत आमची ऋजुता एकटीच सांगलीला आली. निनादला सुट्टी नाही म्हणाली. दुपारभर झोपायची, ताटात भात तसाच टाकायची, फोन आला की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. हेमलताने तिला एका शब्दाने विचारलं नाही. ती परत गेल्यावर मला म्हणाली, वाण चुकलं ना, त्याचं हे. मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेला माणूस. कालवा फुटला तर फुटला कुठे हे आधी बघावं, असं मानणारा. मी थट्टा केली. पण खरं सांगायचं तर मलाही दुसरा उपाय सुचत नव्हता. मुलीचा संसार तडकतोय आणि आपण सांगलीत बसून पंख्याची हवा खातोय, या विचाराने माझीही झोप उडाली होती.

त्यातच एक दिवस ऋजुता आणि निनाद दोघांनी मिळून फोन केला. पडद्यावर दोघं एकाच सोफ्यावर बसलेली दिसत होती, जरा अंतर ठेवून, पण एकाच सोफ्यावर. म्हणाले, तुम्हा चौघांना आम्ही भूमध्य समुद्राच्या सहलीला पाठवतोय. इटली, ग्रीस, तुर्कस्तान बघा, मजा करा आणि मग आमच्याकडे फ्रँकफर्टला या. हेमलताने त्या सोफ्याचं वर्णन पुढे महिनाभर शेजारीपाजारी केलं. मग तांदूळ भिजवायला घातले.

तिचा बेत सरळ होता. फ्रँकफर्टला पोचेपर्यंत दोन गोष्टी शाबूत ठेवायच्या: अनारसे आणि विहीणबाईंची मर्जी. मी तिला म्हटलं, अनारशांचं जमेल.

विहीणबाई, म्हणजे मंदाकिनीबाई देवस्थळी, पुण्याच्या. त्यांचे यजमान रत्नाकरराव वाणिज्य महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य. त्यांना सगळं माहीत असे, वाणिज्य सोडून. बोटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या कळलं, की मुलांनी काढलेल्या दोन खोल्यांपैकी आमच्या खोलीला सज्जा आहे आणि त्यांच्या खोलीला नुसती गोल खिडकी. विहीणबाईंनी फक्त त्या खिडकीतून बाहेर बघत एक सुस्कारा सोडला. पुढच्या क्षणी हेमलता आमच्या बॅगा ओढत होती. सज्जा वरपक्षाकडे गेला.

जेवणाच्या मोठ्या दालनात, जिथे जगभरचे लोक आपापली ताटली घेऊन हवं ते वाढून घेत, तिथेही आमच्यात पंगत होती. विहीणबाईंनी वाढून घेतल्याशिवाय हेमलता चमचाही उचलत नसे. मागे एखादा जर्मन ताटली घेऊन ताटकळत राही, त्याला बिचाऱ्याला वाटे की पुढे काहीतरी विधी चालला आहे. आणि जेवताना रोज ऋजुताच्या नावाने वेगळी कोशिंबीर असे. केस कापले, कुंकू लावत नाही, पोळ्या पाकिटातल्या आणते, मुलाबाळांचं नाव काढत नाही. हेमलता मान खाली घालून ते सगळं गिळायची आणि वर विचारायची, विहीणबाई, अजून थोडी खीर आणू का?

डबा ती खोलीत ठेवत नसे. खोली आवरायला येणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी तो हुंगून बाजूला ठेवला होता, त्यामुळे जिवावर उदार होऊन तो रोज खांद्यावरच्या पिशवीतून आमच्याबरोबर उतरे. प्राचीन जग त्या अनारशांनी जितकं बघितलं तितकं आमच्या सांगलीत कुणी बघितलं नसेल.

नेपल्सला उतरून आम्ही पॉम्पेईला गेलो. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं गाव. रत्नाकरराव हातवारे करत सांगत होते, की हे सगळं आपल्याकडे याच्या आधी होतं. राखसुद्धा का, असं मी विचारलं, त्यावर ते दोन चौक माझ्याशी बोलले नाहीत. मी रस्त्याकडेचे शिशाचे पाइप बघत बसलो. इतक्या शतकांनंतरही त्यांचे उतार बरोबर होते आणि माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या कालव्यांचे नव्हते. विहीणबाई एका पडक्या भिंतीच्या सावलीत निनादशी फोनवर बोलत होत्या. वाणात चांदीचं ताट मागावं की तांब्या, हे त्यांना त्याच्याकडून ठरवून घ्यायचं होतं. फोन बराच वेळ चालला. परत आल्या त्या पदराने तोंड पुसत. उन्हाचा त्रास झाला म्हणाल्या, आणि हेमलताकडे बघून पुढे म्हणाल्या, की माझी पर्स तुम्ही धरा जरा.

त्या दिवसापासून विहीणबाईंचा मान वाढतच गेला. पर्स झाली, मग शाल झाली, मग आल्याचा चहा. आलं बोटीवर कुठून आणायचं? हेमलता स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन खुणांनी बोलून आलं घेऊन आली. सिसिलीत विहीणबाईंना चर्चच्या पायऱ्या चढताना हिचा हात लागला, उतरतानाही लागला. मात्र एक चमत्कार मी पाहिला: जेवणातली ती कोशिंबीर बंद झाली. ऋजुताचं नाव निघेना. मी हेमलताला म्हटलं, अगं, वाण अजून डब्यातच आहे आणि गुण आत्ताच आला. ती खूश झाली. सिसिलीच्या समुद्राकडे बघत ती जी हसली, तशी दिवाळीपासून हसली नव्हती.

अथेन्सला टेकडीवरच्या त्या जगप्रसिद्ध देवळाला परांच्या बांधलेल्या होत्या. काम चालू होतं, आणि माहिती सांगणारी बाई म्हणाली की ते आणखी पुष्कळ वर्षं चालेल. मला खात्यात परत आल्यासारखं वाटलं. खांब मोजून झाल्यावर रत्नाकरराव प्रत्येक खांबाबरोबर फोटो काढून घेत होते. हेमलता ऋजुताला फोन करायला एका दगडाआड गेली होती. निनादला अनारसे मऊ चालतात की कडकच हवेत, एवढंच तिला विचारायचं होतं. ती आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने उतरलेला होता. मी विचारलं, काय म्हणते? बरी आहे, म्हणाली. मग तिने विहीणबाईंच्या हातातून छत्री घेतली आणि टेकडी उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यावर धरून चालली. मला त्या दिवशी पहिल्यांदा बायकोचा राग आला. लाचारीच्या उतारालाही कुठेतरी तळ असावा, असं मी तिला हळूच बोललोसुद्धा. ती म्हणाली, अहो, असू द्या.

दुसऱ्या दिवशी बोट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागली आणि आम्ही एफेसस बघितलं. संगमरवरी रस्ता, ग्रंथालयाची उंच दर्शनी भिंत, मांजरंच मांजरं. परतताना बस एका दलदलीशेजारी थांबली. रत्नाकररावांनी सगळ्यांना सावध केलं, की आता जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक दिसणार आहे, आर्टेमिस देवीचं मंदिर. आम्ही उतरलो. समोर पाणथळ, त्यात बदकं, आणि मधोमध एकच खांब, तोही तुकडे एकावर एक रचून उभा केलेला. खांबाच्या टोकावर करकोच्याने घरटं बांधलं होतं.

"बाकीचं कुठे आहे?" रत्नाकररावांनी विचारलं.

बाकीचं नाही, असं ड्रायव्हरने सांगितलं. त्यांना फार राग आला. इतक्या लांब आणून एक खांब दाखवायचा म्हणजे काय, असं ते त्या खांबाकडे बघून बोलत राहिले. मी म्हटलं, पायाच दलदलीत घातला होता, किती दिवस टिकणार? हेमलताने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

आम्ही चौघं तिथे पडलेल्या दगडांवर बसलो. हेमलताने पिशवी मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली.

"डबा उन्हात ठेवू नका," विहीणबाई म्हणाल्या. "निनादला मऊ पडलेले चालत नाहीत."

हेमलताने डबा उचलून परत मांडीवर घेतला. थोडा वेळ ती करकोच्याकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "विहीणबाई, तुम्हाला कधी कळलं?"

मला वाटलं, ती मंदिराबद्दल विचारते आहे. पण विहीणबाईंनी पर्स उघडली, आत काही नसल्यासारखं बघितलं आणि बंद केली.

"पॉम्पेईला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला?"

"काल. देवळापाशी."

"मला माहीत आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पॉम्पेईपासून तुम्ही ऋजुताला एकदाही नावं ठेवली नाहीत."

रत्नाकरराव विचारत होते, काय कळलं, कोणाला कळलं. मला मात्र विचारावं लागलं नाही, उत्तर मला दिवाळीपासून येत होतं.

मग दोघींनी मिळून सांगितलं, एकीने सुरू करावं आणि दुसरीने पुरं करावं असं. मुलं जानेवारीपासून वेगळी राहत होती. वकील झाले होते, कागद झाले होते, भांडीकुंडी वाटून झाली होती. ज्या सोफ्याची कीर्ती आमच्या गल्लीत झाली होती तो ऋजुताच्या घरातला होता, आणि निनाद त्या दिवशी फोनपुरता पाहुणा आला होता. फ्रँकफर्टला आम्हाला चौघांना एकत्र बसवून सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी म्हाताऱ्यांना विश्रांती मिळावी, मनं जरा प्रसन्न असावीत, म्हणून ही सहल. बोकडाला हार घालतात ना, तसा आमचा हार म्हणजे भूमध्य समुद्र. दोघींना दोघांनी बजावलं होतं, की बाबांना एवढ्यात सांगू नकोस. विरुद्ध पक्षाला सांगू नकोस, हे बजावायची गरजच नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," हेमलता म्हणाली, "आणि तुम्ही माझ्याकडून पर्स उचलून घेतलीत. आलं आणवलंत."

मला वाटलं, आता भडका उडणार. विहीणबाईंनी मान वळवली नाही.

"तुम्ही मान देत होतात," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, घ्यावा. आता मला कोण देणार आहे? याच्यापुढे माझ्या डोक्यावर छत्री धरणारं कोणी आहे का?" मग त्यांनी विचारलं, "आणि काल तर तुम्हालाही माहीत होतं. मग छत्री का धरलीत?"

हेमलताने पदराने डब्यावरची धूळ पुसली. "वाटलं, तुम्ही खूश राहिलात तर निनादला चार शब्द सांगाल. तुमचं ऐकेल."

"सांगितले हो," विहीणबाई म्हणाल्या. "पॉम्पेईत भर उन्हात उभी राहून सांगितले. रडले त्याच्यापुढे. नाही ऐकत."

त्यांचा आवाज तिथे चिरकला. मुलांच्या लग्नापासूनच्या सात वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता, आणि मला एकदम त्या माझ्या बहिणीच्या वयाच्या दिसल्या. रत्नाकररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुष्कळ विचार करून त्यांनी विचारलं, "मग आता फ्रँकफर्टला उतरायचं कोणाकडे?"

प्रश्न बिनतोड होता.

हेमलताने डब्याची चिकटपट्टी उचकटायला सुरुवात केली. सुतळीची गाठ सुटेना. विहीणबाईंनी डोक्यातला आकडा काढला, गाठीत घातला आणि डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला, हेमलताने ओढलं. गाठ सुटली. फडकं निघालं, झाकण निघालं, आणि तुपाचा वास त्या तुर्की दलदलीवर पसरला. रोमपासून इथवर एकाही अनारशाचा तुकडा पडलेला नव्हता. बाईने काम चोख केलं होतं. ज्या घराच्या बांधणीसाठी केलं होतं ते घर तेवढं जागेवर नव्हतं.

पहिला अनारसा तिने विहीणबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटून जाळी बघितली, खाल्ला, पुरता चावला आणि म्हणाल्या, "खसखस जास्त झालीय."

"आमच्यात अशीच असते," हेमलता म्हणाली.

सात वर्षं ती हे वाक्य पोटात घेऊन हिंडत होती. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रुसवा. त्यांनी हात पुढे केला. "अजून एक द्या."

मग सगळ्यांनीच खाल्ले. मधुमेही रत्नाकररावांनी चार खाल्ले, त्यांना कोणी अडवलं नाही. ड्रायव्हरला दिले, तिथली माहिती सांगणाऱ्या बाईला दिले, बसमधल्या त्या ताटकळणाऱ्या जर्मनालाही दोन दिले; त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, की विधी पुरा झाल्याचं त्याला समाधान वाटलं. चुरा बदकांनी टिपला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खसखशीच्या माथी मारलं. एकच अनारसा हेमलताने रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. मी विचारलं, कोणाला? ऋजुताला, म्हणाली. वाण जावयाचं असतं. त्या पोरीने आजवर त्यातला तुकडाही मागितला नव्हता.

बंदरावर परतलो तेव्हा शिडीपाशी रांग होती. हेमलता कोणासाठी थांबली नाही. ती सरळ पुढे झाली आणि वर चढायला लागली. तिच्या मागून रिकामा डबा घेऊन विहीणबाई चढल्या. रोमला होता तोच बोटीवरचा तपासणारा माणूस होता. त्याने डबा ओळखला, उघडला, आत तळाशी चार दाणे खसखस बघितली आणि विचारलं, जावई भेटला का? हेमलता तोवर वर पोचली होती. विहीणबाई मराठीत म्हणाल्या, भेटला असता तर बरं झालं असतं, आणि डबा काखेत घेऊन पुढे गेल्या.

तो डबा त्यांच्याकडेच राहिला. ऋजुताचं पुढे चांगलं झालं, निनादनेही दुसरं लग्न केलं, त्याची नवी सासू अनारसे दुकानातून आणते म्हणे. दरवर्षी दिवाळीच्या आधी विहीणबाईंचा सांगलीला फोन येतो. विहीणबाई म्हणायचं आता काही कारण नाही, पण दुसरं काय म्हणायचं ते दोघींनाही सुचलेलं नाही. डबा पाठवायचा राहिलाय हो, असं त्या म्हणतात. रिकामा डबा परत देऊ नये, आणि अशा, सोयरीक मोडलेल्या घरी काय घालून पाठवतात ते मला कळत नाही, असंही त्या म्हणतात. हेमलता म्हणते, काही घाई नाही. मग दोघी तासभर बोलतात.

मी एकदा सुचवलं, की साखर घालून पाठवा म्हणावं, विषय संपेल.

"गप्प बसा," हेमलता म्हणाली. "तो डबा आला तर फोन कशाला करतील त्या?"